तिरका सात

टोलेडो, ९ सप्टेंबर

प्रिय अशोक,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या दिवाळीच्या पत्राला उत्तर दिले नाही आणि आता पुढची दिवाळी तोंडावर आली, याबद्दल जे बोलायचे असेल ते खुशाल बोल. प्रकृती ठीक आहे. साखर गोळीवर आहे, गुडघा जिना चढताना कुरकुरतो, एवढेच. लिहायला बसलो त्याचे कारण निराळे आहे. मी माझ्या १९६९ च्या शेव्हेल गाडीचे इंजिन फोडले. घरात सांगितले तर सुलभा म्हणाली, "मग दुसरे बसवा." तिचे चुकले नाही, पण या वाक्यात नेमके काय बोचते ते उद्यमनगरातल्या वर्कशॉपात दिवस काढलेल्या माणसालाच कळेल.

गेल्या शनिवारी गाडी ट्रेलरवर घालून नॉरवॉकच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर गेलो होतो. पाव मैलाला माझी आजवरची उत्तम वेळ १४.३१ सेकंद, आणि साठीच्या आत १३ चा आकडा बघायचा हा माझा हट्ट तुला ठाऊकच आहे. ते तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने उतरत येतात. तिसरा लागताक्षणी क्लच सोडला आणि गाडी अशी सुटली की मागचे टायर जेमतेम किंचाळले. दुसरा गिअर भरभरून ओढला. तिसऱ्यासाठी दांडा उजवीकडे सरकवून पुढे ढकलायचा असतो. मी घाईत नुसताच पुढे ढकलला आणि तो पहिल्यात जाऊन बसला. क्लच सुटला तसा काटा टॅकोमीटरच्या आकड्यांपलीकडे गेला, खालून कोणी घण घातल्यासारखे दोन दणके बसले आणि आरशात पांढरा धूर सोडून काही दिसेना. माझे तेल पुसायला तिथल्या पोरांना पाऊण तास लागला आणि तोवर मागे गाड्यांची रांग उन्हात तापत उभी. डॉलरला पौंडभर मिळणारे तिथले प्रसिद्ध आइस्क्रीम घेऊन मी ट्रेलरच्या आड लपून बसलो होतो. वर्कशॉपातले नाना असते तर म्हणाले असते, "गिअर टाकायला शिकवलं कुणी रे तुला? अशक्यानं?"

कनेक्टिंग रॉड इंजिनाच्या ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला आहे. त्या भोकातून माझी मूठ आत जाते. मेन बेअरिंगच्या आधारालाही तडा गेल्यामुळे तडे धातूने शिवून ब्लॉक वाचवायचा प्रश्न उरला नाही. तुला मुद्दाम बॅटरी धरून दाखवलेला, उजव्या हेडच्या पुढचा, नंबर ठोकलेला तो बोटभर सपाट पॅड मात्र जसाच्या तसा शाबूत आहे. टोनावांडाच्या कारखान्याचा 'टी', पुढे ०१२८ म्हणजे २८ जानेवारी, आणि शेजारी गाडीचा चॅसी नंबर, बाल्टिमोरच्या कारखान्याच्या 'बी'सकट.

खरी अडचण इथे आहे. १९६८ ची एसएस ३९६, म्हणजे ३९६ घनइंचांच्या इंजिनाची 'सुपर स्पोर्ट' शेव्हेल, तिच्या चॅसी नंबरावरूनच ओळखू येत असे. १९६९ साली एसएस हा जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय झाला, त्यामुळे माझ्या गाडीचा नंबर 'ही मालिबू आहे', म्हणजे साधी शेव्हेल, एवढेच सांगून गप्प बसतो. कारखान्याचा कागद पेट्रोलच्या टाकीवर सापडायचा, तर आमचा उंदरांनी खाल्लेला. म्हणजे ही गाडी खरी एसएस आहे याची साक्ष द्यायला एकटा तो पॅड होता.

आता एका गृहस्थाकडे ३९६ चा ब्लॉक मिळतो आहे. ओतकामाची तारीख 'ए १४ ९', म्हणजे १४ जानेवारी १९६९. आमच्या गाडीला पंचांग बघून काढल्यासारखी जुळणारी. वर तो म्हणतो की जुना नंबर घासून काढून माझा पाडून देतो, त्या काळच्याच वळणाच्या पंचांनी. पारखी लोक आकड्यांपेक्षा त्यांच्याखालच्या, कारखान्यातल्या मशीनने उठलेल्या बारीक उभ्या रेघा बघतात. त्याही तो ओढून देणार आहे. आणि मी 'नको' म्हटले नाही, अशोक. विचार करून कळवतो म्हटले.

मनाची समजूत घालायला मुद्दे भरपूर सापडतात. गाडी विकायचीच नाही, मग फसवणूक कुणाची? खुद्द शेव्हरोलेने १९७० च्या मॉडेलपासून इंजिन ४०२ घनइंचांचे करूनही वर बिल्ला ३९६ चाच ठेवला, मग मी कोण सोवळा? पण मी गेल्यावर निखिल ती विकणार हे नक्की आहे, आणि तो अगदी प्रामाणिकपणे सांगेल की बाबांचे इंजिन मूळचेच आहे.

तुझ्या येझदी मोटारसायकलचे आठवते? इंजिनाची केस फुटली म्हणून जुन्या बाजारातली आणलीस आणि नाना जेवायला गेलेले बघून आरसी बुकातला नंबर तिच्यावर ठोकलास. मी आठ महिने तुझ्याशी बोललो नाही, तुझ्या लग्नालाही आलो नाही. आज कबूल करतो की तुझ्या लबाडीपेक्षा तो तिरका पडलेला ७ माझ्या डोळ्यांत जास्त खुपत होता. तो सरळ पडला असता तर मी कदाचित गप्प बसलो असतो. परवापासून हाच विचार डोक्यात आहे, कारण इथला माणूस ७ सरळ पाडतो.

तेव्हा एकच विचारतो, आणि टोमणा मारायचा असेल तर उत्तर दिल्यानंतर मार. पुढची अकरा वर्षे ती गाडी तू चालवलीस. प्लग काढायला वाकलास की नजर त्या नंबरावर जायची का? की महिनाभराने तो तुला खराच वाटायला लागला?

प्राजक्ताला नोकरी लागल्याचे ताईकडून कळले, फार आनंद झाला. छपराचे काम पावसाआधी उरकले असेलच. वहिनींना नमस्कार.

त्या गृहस्थाने ब्लॉक २० तारखेपर्यंत माझ्यासाठी राखून ठेवला आहे. त्याच्या आत, इथल्या सकाळी फोन कर. सुलभा तेव्हा चालायला गेलेली असते.

तुझा,
वसंता