जुन्या नाशिकचे वाडे आणि येणारा सिंहस्थ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून अमृतस्नाने २०२७ मध्ये आहेत. रस्ते, घाट, पूल आणि साधुग्राम यांची चर्चा त्यानिमित्ताने सतत वाचायला मिळते. ज्या गावासाठी भाविक येतात त्या जुन्या नाशिकच्या वाड्यांचा विषय मात्र पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना नोटिसा निघाल्या की चार दिवस वर येतो, एखादी भिंत कोसळली की आणखी चार दिवस चालतो आणि मग दसऱ्यापर्यंत विसरला जातो. तिवंध्याच्या परिसरातील अशाच एका वाड्यात मी सहा हिस्सेदार आणि दोन भाडेकरूंसह राहतो, म्हणून हा विषय जरा आतल्या बाजूने मांडू इच्छितो.

वाडा म्हातारा होऊन पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या आळीत मी पाहिले ते वेगळे आहे. येथील घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. खाली दगडी जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, मध्ये मातीच्या भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची, भरणी आणि दोन घरांत मिळून एक सामाईक भिंत, अशी ही रचना आहे. चार वर्षांपूर्वी शेजारचा वाडा उतरवला गेला आणि बांधल्यापासून जिने कधी पाऊस पाहिला नव्हता ती आमची भिंत उघड्यावर आली. पहिल्या पावसाळ्यात ती फुगली, दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यात टेकलेले तुळईचे टोक कुजले. सुताराने तेथे खिळा टोचून पाहिला तेव्हा तो बोटभर आत गेला. हातभर अलीकडे त्याच तुळईवर मारलेला खिळा वाकला. म्हणजे तुळई शाबूत आहे, तिचे टोक तेवढे गेले आहे. ते कापून नवा जोड देणे हे जुन्या सुतारांचे नेहमीचे काम. परंतु मी ज्या दोन अभियंत्यांना सल्ला विचारला, त्या दोघांचाही हात सिमेंट-सळईवर बसलेला असल्याने त्यांनी लाकडाकडे न बघताच ‘उतरवून टाका’ असे सांगितले. त्यांचा दोष नाही, ते शिकले तेच त्यांनी सांगितले.

रस्त्याचीही तीच गोष्ट. माझ्या लहानपणी आमच्या ओट्याला पाच पायऱ्या होत्या, आज तीन आहेत. ओटा खचलेला नाही. प्रत्येक वेळी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर पडत गेल्याने गल्लीच वर आली आहे आणि पावसाचे पाणी आता जोत्याच्या दगडांतून थेट मातीच्या भिंतीत शिरते. त्यावर कोणी सिमेंटचा गिलावा केला तर ती ओल आतच कोंडते. सिंहस्थासाठी पुन्हा काँक्रिटीकरण होणार असेल तर निदान आधीचा थर काढून व्हावे, एवढी माफक अपेक्षा आहे.

जुने ते सारे राखावे, असे माझे म्हणणे नाही. अग्निशमन दलाचा बंब शिरत नाही अशा गल्लीत, चार कुटुंबांत एक शौचालय वापरत, बाहेरच्यांना छायाचित्रे काढता यावीत म्हणून कोणी राहावे, अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. जे वाडे खरोखर संपले आहेत त्यांच्या जागी नवे बांधकाम झालेच पाहिजे. २००८ च्या महापुरानंतर गोदाकाठी निळी आणि लाल पूररेषा आली. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधने असल्याने तेथे आहे ते नीट दुरुस्त करणे हाच बहुतेकांपुढचा व्यवहार्य मार्ग आहे. परंतु दुरुस्तीला पैसा कोठून आणायचा? आमच्या दोन्ही भाडेकरूंचे मासिक भाडे दोन आकड्यांत आहे आणि सहा हिस्सेदारांपैकी चार जण परगावी आहेत.

राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत वारसा यादीतील इमारतीच्या मालकाला, जे बांधकाम त्याला करता येत नाही, त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकामासाठी विकता येणारा विकासहक्क, देण्याची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे, मात्र त्यासाठी नाव यादीत हवे, आणि यादीत नाव गेले की वाड्याला खिळाही ठोकता येणार नाही, या भीतीने मालकच ते वगळण्यासाठी धडपडतात. एकेका वाड्याऐवजी सामाईक भिंतींनी बांधलेली सगळी आळी एक घटक धरावी, आणि टीडीआर दुरुस्तीच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी द्यावा, म्हणजे तो विकून आलेला पैसा लाकडात आणि चुन्यात जाईल, अशी माझी सूचना आहे.

उत्पन्नाचा मार्ग तर आपल्याच परंपरेत आहे. हॉटेले येण्यापूर्वी यात्रेकरू गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, आला की आपल्या तीर्थपुरोहितांच्या वाड्यात उतरत असे. पुरोहितांच्या नामावळीत त्याच्या आजा-पणजाच्या सह्या सापडत. थोडक्यात, हे वाडेच नाशिकची पहिली पर्यटक-निवासे होती. राज्य शासनाची निवास-न्याहारी योजना आजही आहे. दुरुस्त झालेल्या वाड्यांतील दोन-दोन खोल्यांना त्याखाली परवानगी मिळाली तर रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर भाविकांची सोय होईल. सध्या उलटेच घडते आहे. उतरवलेल्या वाड्यांचे दिंडी दरवाजे, गणेशपट्ट्या आणि कोरीव खांब जुन्या लाकडाचे व्यापारी वजनावर उचलतात, आणि ते पुढे कोठल्या तरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात पाहुण्यांना ‘अस्सल वाडा संस्कृती’ दाखवत उभे राहतात. पाहुणा शहराबाहेर, दरवाजाही शहराबाहेर आणि जुन्या गावात मोकळा प्लॉट!

वापरात राहिलेली वास्तू टिकते, याचा पुरावा आमच्या पायाखालीच आहे. पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली झाकलेल्या असतात, त्यांच्यावरून रिक्षा जातात, आणि रंगपंचमीला त्या उघडून रंगाने भरल्या जातात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मानकरी ठरलेले. अनेक रहाडी काळाच्या ओघात बुजल्या, पण ज्यांचा मान कोणी तरी सोडला नाही त्या आजही पाणी धरतात.

तूर्त एक छोटा नियम तरी तातडीने व्हावा. वाडा उतरवण्याची परवानगी देताना शेजारच्या उघड्या पडणाऱ्या सामाईक भिंतीला पावसाळ्यापूर्वी पत्रा किंवा चुन्याचा गिलावा करून देण्याची अट उतरवणाऱ्यावर लेखी घालावी आणि ती पाळल्याशिवाय पुढील बांधकामाचा नकाशा मंजूर करू नये. खर्च किरकोळ आहे. आमच्या भिंतीवर सध्या निळी ताडपत्री आहे. दर मे महिन्याच्या अखेरीस ती बदलतो, कारण वर्षभराच्या उन्हाने तिचे चिंध्यांत रूपांतर झालेले असते.

आपला नम्र,
एक वाचक, जुने नाशिक