दोरीपाशी थांबवलंत, त्याबद्दल

स्की पेट्रोलच्या, म्हणजे स्कीच्या उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाच्या, ताईंना सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघडच लिहितेय.

रात्रभर बर्फ पडून सकाळी आभाळ लख्ख झालं होतं. लिफ्टवरून उतरून मी त्या उताराशी आले, तर तिथे दोरी आणि ‘बंद’ची पाटी. पण पलीकडे दोघांच्या स्कीच्या ताज्या रेषा खाली गेलेल्या. ते गेले, मग मला काय होतंय, असं म्हणत मी दोरी उचलली आणि तुमची हाक आली.

मी हुज्जत घातली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. फावडं काढलंत, दोरीच्या अलीकडेच कमरेइतका खड्डा खणलात, त्याची भिंत तासून सपाट केलीत आणि मला हात लावून बघायला सांगितलंत. वरचा हातभर थर वाऱ्यानं दाबून इतका घट्ट झालेला, की मूठ आत शिरेना. त्याखाली बोटानं जरा टोकरलं, तर जाड साखरेसारखे कण भुरुभुरु गळायला लागले. “वरचं सगळं या साखरेवर टेकलंय,” तुम्ही म्हणालात. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात आणि हा उतार त्यातलाच. आधीचे दोघे निभावले, म्हणून तिसऱ्याच्या वजनानं थर फुटणार नाही असं थोडंच आहे?

पण मला खरं हलवलं ते तुमच्या वायरलेसवरच्या बोलण्यानं. वर धारेवर तुमचे दोन सहकारी, कच्चा बर्फ मुद्दाम आधीच पाडायला, स्फोटकं घेऊन ताटकळत होते. त्या रेषांची माणसं खाली बाहेर पडली की नाही, हे कळेपर्यंत त्यांना बार उडवता येईना. बर्फाखाली गाडलेल्या माणसाची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं कमी होते. म्हणजे तसं काही झालं असतं, तर त्याच कच्च्या उतारावर तुमच्याच माणसांना धावत जावं लागलं असतं. जीव माझा, तर निर्णयही माझा, असं मी तोवर मानत आले होते. त्यात तुम्ही लोक कुठेच नव्हता.

त्या रेषांची दोघं खाली सुखरूप सापडली. मग बार झाला, दरी घुमली आणि काहीच सुटलं नाही. “आता उघडा ना,” मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. काही सुटलं नाही म्हणजे उतार पक्का झाला असं नाही, एवढंच म्हणालात आणि दोरी पुन्हा ताणून बांधलीत. तेव्हा मला राग आला होता. आज सगळ्यात जास्त आभार त्या दुसऱ्या नकाराचे.

त्यानंतर बंद उतारांबद्दल मी विचारत सुटले. संध्याकाळी तीव्र उतारावर बर्फ सपाट करणारी यंत्रं शेकडो मीटर लांब पोलादी दोराला बांधून चालवतात. तो दोर बर्फाखाली दबलेला असतो, अचानक ताणून वर उसळतो आणि अंधुक उजेडात दिसतही नाही. शिवाय दिवसअखेर पेट्रोल उघड्या उतारांवरून शेवटची फेरी मारतं. बंद उतारावर कुणी मोडून पडलं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

गेल्या आठवड्यात एक मुलगा दोरीखालून वाकून निघाला होता. मी हाक मारली. “आधी लोक गेलेत की,” तो म्हणाला. माझ्याकडे फावडं नव्हतं. तुम्ही दाखवलेल्या त्या साखरेबद्दल सांगितलं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग माझ्याबरोबर दुसऱ्या वाटेनं खाली आला.

तुमची कृतज्ञ,
त्या सकाळी दोरी उचललेली