आईच्या अर्धशिशीची गोळी

बाळ्या,

रविवारी फोनवर तू म्हणालास, बाबा ती अपघाताची रात्र डोक्यातून पुसून मिळाली तर बरं होईल बघ, तेव्हा मी गप्प बसलो. खरं सांगू काय, होय म्हणून सांगावंसं वाटलं होतं. खानापूर रोडला अजून माझाच पाय उगीच ब्रेकवर जातोय, तू तर गाडी चालवत होतास.

आठवणीतली भीती कमी करायच्या औषधाबद्दल तू पाठवलेलं दोनदा वाचलं. 2000 साली न्यूयॉर्कला उंदरांवर केलेलं, आठवण जागी केली की ती थोडा वेळ कच्ची होते आणि परत पक्की बसायच्या आत मेंदूत औषध सोडलं तर भीती बसतच नाही. माणसाला मात्र प्रोप्रानोलॉल देतात, म्हणजे आईची अर्धशिशीची गोळी की रे! मॉन्ट्रियलचे संशोधक ब्रुने यांनी अशाच आघाताचा त्रास असलेल्या 60 जणांवर करून बघितलं, निम्म्यांना खोटी गोळी, आठवड्यातून एकदा गोळी घ्यायची आणि झालेलं लिहून काढलेलं वाचायचं, असं सहा वेळा. खऱ्या गोळीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला असं 2018 ला छापून आलंय, सगळ्यांच्या अभ्यासात तसं आलं नाही म्हणे. आणि आठवण जात नाही, नुसती धार कमी होते. (आईच्या डब्यातली घेशील तर बघ, तुला दमा आहे, ती दम्याला चालत नाही. डॉक्टरांना विचार.)

धार कमी होत असली तर करून घे, मी आडवा येणार नाही. तीन वर्षं झोप नाही तुला. पण अख्खं पुसायचं म्हटलं की माझं अडतं. बिनलाईटचा ट्रक रस्त्यात उभा होता हे बघितलेला तू एकटा आहेस, केस अजून चालू आहे, तू विसरलास तर कोर्टात सगळी चूक तुझ्यावरच येऊन पडणार, आणि तुलापण ते खरं वाटेल.

दुसरं सांगावं की नको कळेना. दुसऱ्याच्या लेकासाठी माझ्या लेकानं जखम उघडी ठेवावी असं म्हणणारा मी कोण, आई तर याच्यावरनं माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तरी सांगतो. त्या रात्री तुझ्यासोबत होता आणि गेला, त्याची आई शनिवारी बाजारात भेटली, भाजीची पिशवी खाली ठेवून विचारत होती, शेवटी काय बोलला हो तो, तुमच्या पोराला म्हाईत असेल.

मी सांगितलं, गणपतीला येतोय तो.

बाबा