नोंद कोणी घेतली, मंत्रिमहोदय?

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर प्रणाम.

आपण कामात असाल, म्हणून प्रास्ताविक लांबवत नाही. भाषा अभ्यासक्रमाच्या सल्लागार बैठकीत आपण सर्वांसमक्ष शब्द दिला होता की नव्या पाठ्यपुस्तकात कार्यलक्षी व्याकरणावर, म्हणजे भाषेतली कोणती रचना बोलणाऱ्याचं कोणतं काम करते यावर, स्वतंत्र प्रकरण असेल. ‘व्याकरण मुलांना रुक्ष वाटतं, ते आपण जिवंत करू’ हे आपलंच वाक्य. त्यावर टाळ्या पडल्या, त्यांत माझीही होती. गेल्या आठवड्यात पुस्तक हातात पडलं. प्रकरण नाही. एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात फिकट निळी चौकट आहे, ‘तुम्हांला माहीत आहे का?’ अशा मथळ्याची, आणि तीत चार ओळी. ज्या भाषावैज्ञानिक मायकेल हॅलिडे यांनी या विषयात हयात घालवली त्यांचं नाव तिथे ‘हॉलिडे’ असं छापलंय. चौकटीखाली बारीक टाइपात: ‘केवळ माहितीसाठी. मूल्यमापनासाठी नाही.’

मी कार्यालयाकडे विचारणा केली. उत्तर लगेच आलं, त्याबद्दल आभारी आहे. ‘आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे. विद्यार्थ्यांवरील भार लक्षात घेता सदर घटक कमी करण्यात आला आहे. याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

तीन वाक्यं. क्रिया भरपूर, करणारा एकही नाही. ‘स्वतंत्रः कर्ता’ असं पाणिनी सांगून गेले. आपल्या कार्यालयात स्वतंत्र कोणी उरलेलं दिसत नाही. आणि तुम्ही जे प्रकरण कापलंत ते नेमकं अशाच वाक्यांबद्दल होतं. तेव्हा ते आता इथेच शिकवते. मूल्यमापनासाठी नाही, काळजी नसावी.

एक कप फुटलाय. तो आपण चार तऱ्हांनी सांगू शकतो. ‘बंडूने कप फोडला.’ ‘बंडूच्या हातून कप फुटला.’ ‘कप फुटला.’ ‘कप फोडण्यात आला.’ घटना तीच, तुकडे तेच. पण पहिल्या वाक्यात बंडू पुरता सापडतो. दुसऱ्यात बंडू आहे, त्याचा हात आहे, पण इच्छा नाही. तिसऱ्यात नुसता कप आहे, जणू आपला आपण फुटला. चौथं वाक्य सगळ्यांत बेरकी. ‘फोडणे’ हे सकर्मक क्रियापद असल्यामुळे कोणीतरी फोडलाय हे ते मान्य करतं, पण नाव काही सांगत नाही. बोलता येऊ लागलेलं पोर तिसरं वाक्य सहज वापरतं. चौथं वापरायला सरकारी नोकरी लागते.

शाळेतलं व्याकरण या चार वाक्यांना प्रयोगांची नावं देतं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतं. कार्यलक्षी व्याकरणाचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो: भाषेने या चार रचना बाळगल्या कशासाठी? बोलणाऱ्याचं कोणतं काम एकीने होतं आणि दुसरीने होत नाही? एवढाच तो ‘भार’.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेची प्रत माझ्यासमोर आहे. प्रश्न: ‘बंडूने कप फोडला. हे वाक्य वेगळ्या प्रकारे लिहा.’ तिने लिहिलं, ‘बंडूच्या हातून कप फुटला.’ आणि खाली पेन्सिलीने, मनाचंच: ‘असं म्हटलं की बंडूला कमी ओरडा बसतो.’ त्यावर लाल शाईत दोन रेघा मारून शेरा: ‘प्रयोग बदलला नाही. विषयांतर.’ आणि शून्य. हॅलिडेंना सगळा जन्म जे सांगायचं होतं ते या मुलीने एका ओळीत सांगितलं होतं. तपासनिसांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात आदर्श उत्तरसूची होती, आणि सूचीत बंडू नव्हता.

बैठकीत आपल्या एका अधिकाऱ्यांनी ‘हे सगळं परदेशी नवं खूळ’ असं म्हटल्याचं मला आठवतं. नवं? प्राग शहरात व्हिलेम मथेसिउस यांच्या पुढाकाराने भाषावैज्ञानिकांचं मंडळ जमलं ते १९२६ साली. भाषा हे काहीतरी साधण्याचं साधन आहे आणि तिची घडण त्या साधण्यातून समजून घ्यायची, ही त्यांची भूमिका. म्हणजे खूळ शंभरीला आलंय. परदेशी? क्रियेत कोण काय भूमिका करतो हे कारक, आणि ती भूमिका शब्दावर कशी उमटते ती विभक्ती, असे दोन वेगळे हिशेब पाणिनींनी मांडले, तेव्हा प्रागचं नावही नव्हतं. हॅलिडेंच्या पत्नी आणि सहकारी रुकैया हसन यांचा जन्मही भारतातलाच. वाक्यं एकमेकांना धरून कशी राहतात आणि परिच्छेदाचा परिच्छेद कसा होतो, यावर दोघांनी मिळून १९७६ साली लिहिलेलं पुस्तक आजही वाचलं जातं. आमच्या पुस्तकात परिच्छेदाबद्दल काय आहे? ‘सुवाच्य अक्षरात लिहा.’

मथेसिउसचं म्हणणं पाचवीतल्या मुलालाही कळतं. ‘चिठ्ठी टेबलावर आहे’ आणि ‘टेबलावर चिठ्ठी आहे’. शब्द तेच, विभक्ती तीच, प्रयोग तोच. आमच्या पुस्तकाच्या मते फरक काहीच नाही. पण ‘चिठ्ठी कुठे आहे?’ असं विचारलं तर पहिलं वाक्य येतं, ‘टेबलावर काय आहे?’ विचारलं तर दुसरं. जे दोघांना ठाऊक आहे ते आधी, जे नवीन सांगायचंय ते क्रियापदाच्या जवळ. मराठीत शब्दांचा क्रम ‘मोकळा’ असतो असं आपण मुलांना बिनदिक्कत सांगतो. मोकळा कसला! तो दुसऱ्या कामाला जुंपलेला असतो.

आता जरा अवघड उदाहरण घेते, कारण घोडं इथेच अडतं. ‘मी पत्र लिहिलं’, ‘तू पत्र लिहिलंस’, पण ‘त्याने पत्र लिहिलं’, ‘मंत्र्यांनी पत्र लिहिलं’. मी आणि तू यांना ‘ने’ का नाही? आमच्या पुस्तकात उत्तर: नियम आहे, पाठ करा. भाषावैज्ञानिक मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ साली जगभरच्या भाषा शेजारी ठेवून दाखवलं की ही मराठीची लहर नाही. ऑस्ट्रेलियातल्या डिर्बल भाषेतही मी-तू एका रीतीने चालतात आणि बाकीचे दुसऱ्या. बोलणारा आणि ऐकणारा हे कर्ते असणं सगळ्यांत अपेक्षित; त्यांच्यावर खूण लावायची गरज नाही. कर्तेपण जिथे कमी गृहीत धरता येतं तिथे खूण लागते. (मंत्र्यांना ‘नी’ लागतो हे त्यात आपसूकच आलं.) कर्माचं याच्या बरोबर उलट. ‘तिने झाड पाहिलं’, पण ‘तिने मुलाला पाहिलं’. माणूस सहसा करणारा असतो. तो कर्माच्या जागी आला की सांगावं लागतं, म्हणून ‘ला’. आणि ‘ला’ लागला की कर्मणीचा भावे प्रयोग होतो. तीन प्रयोगांचं कोष्टक मुलं घोकतात, पण ‘ला’ मुलावर बसतो आणि झाडावर बसत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला पुस्तकात एक ओळ नाही.

सगळ्याच गोष्टींना असं कारण सापडतं असा माझा दावा नाही. भिंत स्त्रीलिंगी आणि खांब पुल्लिंगी का, याला कार्यवाद्यांकडे, म्हणजे कार्यलक्षी व्याकरण मानणाऱ्यांकडे, उत्तर नाही. अमेरिकन भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कींच्या परंपरेतली मंडळी १९५७ पासून सांगत आलीयत की वाक्यरचना ही स्वायत्त गोष्ट आहे, ती वापरावरून उलगडत नाही, आणि त्यांचे काही युक्तिवाद अजून कोणी पुरते खोडलेले नाहीत. कार्यवाद्यांचं आपसांतही एकमत नाही: अॅमस्टरडॅमच्या सिमॉन डिक यांची मांडणी निराळी, हॅलिडेंची निराळी, गिव्होन यांची आणखी निराळी. असेनात. हा वाद ज्ञानाचा आहे. आमच्या वर्गात चॉम्स्कीही पोचले नाहीत आणि हॅलिडेही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली घातलेला मराठी व्याकरणाचा पाया त्या काळी फार मोठा होता. त्यावर आपण एवढ्या वर्षांत चढवलं काय, तर गाइडं.

हॅलिडेंनी स्वतःच्या मुलाचं बोलणं तो वर्षाचाही नव्हता तेव्हापासून टिपून ठेवलं. व्याकरण यायच्या आधीच तो आवाजांनी कामं करून घेत होता. हे दे, असं कर, मी आलो, मला आवडलं, हे काय आहे, चल खोटंखोटं खेळू. ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेली माहिती देणं हे सातवं काम, आणि ते सगळ्यांत शेवटी आलं. आमची परीक्षा भाषेकडून हे सातवं काम तेवढं मागते. पहिली सहा घेऊन मूल शाळेत येतं आणि आम्ही ती फाटकाबाहेर ठेवायला लावतो.

हे मी प्रकरणात लिहिलं होतं. सुट्टी घालवून लिहिलं होतं, उदाहरणं वर्गात मुलांवर पारखून घेतली होती, स्वाध्याय तीनदा बदलले होते, कारण समितीला कधी ते ‘फार सोपे’ वाटत आणि कधी ‘फार वैचारिक’. मानधनाचं सोडा, प्रवासखर्चाचं बिल अजून ‘प्रक्रियेत’ आहे. माझाच मसुदा मी परत मागितला तर ‘उपलब्ध नाही’ म्हणून सांगितलं. म्हणजे टाकून देण्यात आला, की हरवण्यात आला? शिक्षकखोलीत सहकारी विचारतात, ‘बाई, तुमचं हॉलिडे प्रकरण कुठवर आलं?’ मीही हसते. रात्री झोप लागत नाही ते वेगळं. डोळ्यांचा नंबर वाढला तोही वेगळा. मान्य आहे, याचा अभ्यासक्रमाशी संबंध नाही. पण माझा आहे.

आणि तुम्ही पहिले नाही, याचा तुम्हांला दिलासा वाटेल. इंग्लंडमध्ये १९८९ पासून रोनाल्ड कार्टर यांच्या नेतृत्वाखाली सरकारी पैशानेच शिक्षकांसाठी असं साहित्य तयार झालं. भाषा वापरात कशी चालते, हाच त्याचा रोख. १९९१ साली सरकारने ते छापायला नकार दिला. शिक्षकांनी झेरॉक्स काढून वाटलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९९४ च्या अभ्यासक्रमात हे व्याकरण आलं, ओरड झाली, आढावा बसला आणि त्याच्या संज्ञा मागे घेतल्या गेल्या. दोन्हीकडे अधिकृत कारणं सुरेख असणार, तुमच्यासारखीच. मला विचाराल तर, वाक्यातून कर्ता कोणी आणि का काढला हे ज्याला बाराव्या वर्षी कळतं, तो पुढे वर्तमानपत्र वेगळ्या नजरेने वाचतो. ‘दिरंगाई झाली’, ‘चौकशी करण्यात येईल’, ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’. असा वाचक कुठल्याही सरकारला परवडत नाही.

प्रश्नपत्रिका काढून बघा. भाषेच्या व्याकरणावरचे दहांतले नऊ प्रश्न ‘ओळखा’, ‘बदला’ नाहीतर ‘प्रकार लिहा’. मोजून आठ निघाले तर आठ धरा, माझी हरकत नाही. क्लासवाले त्याच्या युक्त्या विकतात: ‘ने दिसला की कर्मणी, ला दिसला की भावे, डोळे मिटून लिहा’. आणि मुलं खरोखरच डोळे मिटून लिहितात. तीच पुढे शिक्षक होतात, तपासनीस होतात, समितीवर येतात, पुस्तकं काढतात. हे चक्र कोणी एकाने फिरवलेलं नाही हे मला कळतं. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरून फाइल पुढे ढकलली एवढंच. पण एकाही टेबलावर, एकाही सहीखाली, ‘हे मी केलं’ असं वाक्य सापडू नये?

मागण्या थोडक्यात, कारण तुम्ही इथवर वाचलं असेल की नाही शंका आहे. प्रकरण पुढच्या आवृत्तीत घ्या. चार पानांत बसवून देते. प्रकरण घेणार नसाल तर चौकटही काढा, चुकीच्या नावापेक्षा कोरी जागा बरी. उत्तरसूचीत ‘अन्य योग्य उत्तर ग्राह्य धरावे’ ही ओळ घाला. तिला समिती लागत नाही, निधी लागत नाही. आणि त्या मुलीच्या वडिलांनी पुनर्तपासणीचा अर्ज केलाय, शुल्क भरून. पावती आहे. उत्तरपत्रिका कोणाकडे गेलीय ते मंडळ सांगत नाही. दोन गुणांचा प्रश्न आहे, तिला पुढच्या प्रवेशासाठी ते लागणार आहेत, आणि अर्जांची यादी या महिन्याअखेर बंद होते.

आपली,
एक भाषा शिक्षिका