सीटी विभागातील डॉक्टरांस, आईच्या वतीने

आदरणीय डॉक्टर,
सविनय नमस्कार.

आईच्या छातीतील शिरांची तपासणी आपण केलीत, त्या दिवशी कंठ दाटून आल्यामुळे आभाराचे दोन शब्दही मला धड बोलता आले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

डायालिसिससाठी मानेत बसवलेल्या नळीनंतर आईचा उजवा हात आणि चेहरा सुजू लागला, छातीवर फुगलेल्या शिरांचे जाळे दिसू लागले, तरी आधीच्या रुग्णालयात ‘पाणी जास्त पिता’ म्हणून तिलाच दटावण्यात आले. पाण्याची सूज एकाच हाताला का यावी, हा साधा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही. पुढे कॉन्ट्रास्ट, म्हणजे सीटीत शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचतात ते आयोडीनयुक्त औषध, मूत्रपिंडाला बाधेल का, असे भीत भीत विचारले, तर उत्तर मिळाले, ‘किडन्या गेल्याच आहेत, आता डायने आणखी काय बिघडणार?’

आपण मात्र स्वतः बाहेर आलात आणि व्हीलचेअरशी वाकून तिलाच विचारलेत, ‘मावशी, दिवसाला लघवी अजून किती होते?’ ती संकोचली. पण डायालिसिस सुरू झाल्यापासून हे तिला कुणी विचारलेच नव्हते. त्या पेलाभर लघवीवर तिच्या सकाळच्या चहाची मुभा अवलंबून आहे, हे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक असणार? तिच्या उरल्यासुरल्या मूत्रपिंडाला आपण जिवंत मानलेत, याचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

त्या उत्तरावरूनच आपण कमी कॉन्ट्रास्ट सलाईनमध्ये पातळ करून दोन्ही हातांतून एकाच वेळी देण्याचे ठरवलेत. दाट कॉन्ट्रास्टमुळे शिरेभोवती चकाकीचे पट्टे उमटतात आणि सूज आणणारा शिरेतील अडथळाच नेमका झाकला जातो, तर यंत्राचा व्होल्टेज उतरवला की थोडे आयोडीनही ठळक दिसते, हे आपण आम्हांला मराठीत, न कंटाळता समजावलेत. सुईसाठी हाताच्या पाठीवरची शीर निवडून, पुढे फिस्टुलासाठी (डायालिसिससाठी हातातील धमनी आणि शीर जोडून केलेल्या मार्गासाठी) लागणाऱ्या कोपराजवळच्या शिरा आपण राखल्यात. अडथळा न ओळखता त्या हातावर फिस्टुला झाला असता, तर वाढलेल्या रक्तप्रवाहाने सूज आणखी बळावली असती.

अडथळा नेमका कुठे आणि किती लांबीचा आहे हे कळल्यामुळे फुग्याने शीर रुंद करता आली, आणि सूज उतरली. कॉन्ट्रास्टची मात्रा आपण अहवालात स्वतंत्र नोंदवलीत. आईच्या नेफ्रॉलॉजिस्टनी (मूत्रपिंडतज्ज्ञांनी) ती ओळ अधोरेखित करून फाइलमध्ये सर्वांत वर लावली आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी