खापर क्वार्टरबॅकच्याच डोक्यावर?

महोदय,

भाचा अमेरिकेत टालाहासीला शिकतो, म्हणून तिथल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल) मीही शनिवारी रात्र जागून पाहू लागलो. 2023 मध्ये डिसेंबरपर्यंत 13-0 असा (13 विजय, एकही हार नाही) अजिंक्य राहिलेला हा संघ 2024 च्या मोसमात 2-10 वर घसरला. डब्लिनमध्ये जॉर्जिया टेकने शेवटच्या क्षणी फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे गुण) मारून 24-21 ने हरवले, पुढचे दोन सामनेही गेले. खापर फुटले नव्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, डीजे उइआंगालेलेवर. भाच्याची मित्रमंडळी तर त्याच्या आधीच्या क्लेमसन संघातल्या चुकांचे पाढे वाचू लागली. मग त्याचे बोट दुखावले, त्याच्या जागी ब्रॉक ग्लेन आला, आणि हार काही थांबेना!

आता तीच पोरे म्हणतात, बिचाऱ्याला पास टाकायला वेळ तरी कुठे मिळत होता? खरे आहे. चेंडू हातात येतो न येतो तोच समोरचे दोन धिप्पाड गडी अंगावर. त्याला वाचवणारी पुढची फळीच पोकळ, तर तो एकटा काय करणार? (तरी मोकळा साथीदार समोर असताना त्याने चेंडू भलतीकडे भिरकावलेला मी पाहिलाय, तेवढे मात्र माफ नाही.)

– एक वाचक, ठाणे