नाना पेठेतल्या काकांना

काका, नमस्कार.

परवा बाकरवडीचा डबा घेऊन गॅरेजवर आले, तर तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणालात आणि पुन्हा गाडीखाली शिरलात. मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

गेल्या ऑगस्टमध्ये माझी लेहला बदली झाली. पुण्यात पारा 10 च्या खाली गेला की आपण कपाटातून स्वेटर काढतो. लेह 3,500 मीटरवर, जानेवारीत रात्री उणे 15 तिथे नेहमीचंच. सहा वर्षं जुनी डिझेल गाडी बरोबर न्यायची होती. तुमच्याकडे येण्याआधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले होते. त्यांनी थंडीसाठी खास तपासणी म्हणून पैसे घेतले, कूलंट भरल्याचं बिलावर लिहिलं, आणि मी काही विचारलं की एकच उत्तर, "मॅडम, गाडी भारतात कुठेही चालते." त्या माणसांचा मला आजही राग येतो.

तुम्ही बॉनेट उघडलंत, कूलंटचा रंग बघितलात आणि काहीच बोलला नाहीत. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं काढून घेतलंत. "उद्या या." दुसऱ्या दिवशी ती बाटली माझ्या हातावर ठेवलीत. आत फिकट हिरवा बर्फ, आणि बाटलीला उभी चीर गेलेली. रात्रभर ती तुमच्या घरच्या फ्रीजरमध्ये होती. फ्रीजर साधारण उणे 18 ला असतो, म्हणजे लेहमधली एक कडक रात्रच. "पाणीच घातलंय हो यात. गोठलं की फुगतं. बाटलीचं जे झालं तेच इंजिनच्या ब्लॉकचं होतं." मग सगळं काढून निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी असं नव्याने भरलंत. ते उणे 35 लाही गोठत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बॅटरीचंही तसंच. "पुण्यात ही अजून वर्षभर चालेल, तिथे नाही चालणार. उणे 18 ला बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला मात्र जास्त जोर लागतो." नवी बॅटरी तुम्ही स्वतःकडची विकली नाहीत, समोरच्या दुकानात पाठवलंत. गाडीच्या पुस्तकात बघून पातळ ऑइल घातलंत, हीटर प्लग तपासलेत. पुण्याचं डिझेल थंडीआधी संपवा, त्यात मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो, तिकडे हिवाळी डिझेल मिळतं तेच भरा, हेही तुम्हीच सांगितलंत. लेहला गेल्यावर पंपावर कळलं, 2019 पासून ते तिथे मिळतंय.

पण काका, हे पत्र त्या फडक्यासाठी आहे.

गाडी ताब्यात घेताना तुम्ही म्हणालात, तिथे रात्री हँडब्रेक ओढायचा नाही, ओलावा गोठतो आणि ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. गाडी गियरमध्ये लावायची, चाकाला दगड लावायचा. मी मान हलवली. तुम्ही माझ्याकडे क्षणभर बघितलंत, खांद्यावरचं पिवळं फडकं फाडलंत आणि हँडब्रेकच्या दांड्याला तीन गाठी मारून बांधलंत. "तोंडी सांगितलेलं माणूस विसरतं. हाताला लागलं की आठवेल."

जानेवारीतल्या एका रात्री उशिरा घरी आले. दमले होते, बोटं बधिर झाली होती. पुण्याच्या सवयीने हात दांड्यावर गेलाच, आणि फडक्याची गाठ तळव्याला लागली. हात मागे घेतला. खाली उतरून दगड लावला.

पहाटे पाचला आमची घरमालकीण, आमा-ले, हिला श्वास घेता येईना. तिचा मुलगा नुब्राला गेलेला. अंगणात तिच्या पाहुण्यांची जीप होती, ती सुरू झाली पण मागची चाकं जागची हलेनात. हँडब्रेक ओढलेला होता. माझी गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली आणि निघाली. सोनम नोरबू रुग्णालयात आमा-लेला ऑक्सिजन लागला तेव्हा मी बाहेर बाकावर बसून रडले. त्या वेळी डोळ्यांसमोर तुम्ही होतात, ते फडकं फाडताना.

तुम्ही त्या फडक्याचे पैसे लावले नव्हते, फ्रीजरमधल्या बाटलीचेही नाहीत. माझं काम उरकून मोकळं होता आलं असतं तुम्हाला. पण दीड-दोन हजार किलोमीटर लांब, तुम्ही कधी न पाहिलेल्या गावात, अंधारात माझा हात कुठे जाईल याचा विचार तुम्ही नाना पेठेत बसून केलात. इतका विचार आपल्यासाठी घरची माणसंसुद्धा क्वचित करतात.

आमा-ले आता बरी आहे. तिने तुमच्यासाठी जर्दाळू दिलेत, डब्याखालच्या पिशवीत आहेत. फडकं काळं पडलंय, पण गाठी जशाच्या तशा आहेत. आणि काकूंना आवर्जून सांगा, त्या बाटलीला जागा करायला त्यांनी वर्षाचे साठवलेले मटार बाहेर काढले होते, हे तुम्ही मला सांगितलं होतंत. बाकरवडी त्यांच्यासाठी आहे.

तुमची,
लेहची ताई